कुणाला सांगू नका हं, सर

कुवेतच्या सालमिया भागात शाळा शोधाव्या लागत नाहीत. द इंग्लिश स्कूल १९५३ सालचं. इंडियन कम्युनिटी स्कूल १९५९ साली सुरू झालं, त्याची वरच्या वर्गांची शाखा इथेच आहे. १९५९ साली कुवेतच्या बाजारात अजून रुपया चालत होता, दिनार यायला दोन वर्षं अवकाश होता. आज या देशात दहा लाखांच्या आसपास भारतीय आहेत आणि सालमियाच्या गल्ल्यांत पहाटे शाळेच्या बसचे हॉर्न ऐकूनच हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, झाडू हातात घेतो.

ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत मुलाच्या अभ्यासाइतकीच त्याच्या मनाची, वागण्याची, घरच्या अडचणींची विचारपूस करणं हे ठरलेलं काम असतं. दर गटाला एक शिक्षक नेमलेला असतो आणि तो दिवसाची सुरुवात त्या मुलांबरोबर करतो. आपल्या सीबीएसई शाळांत हे काम वर्गशिक्षकाच्या अंगावर कधी पडलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पुढे बोर्डाच्या संलग्नतेच्या नियमांत काउन्सेलर आली. सुरुवातीला माध्यमिक शाळेत ती पूर्णवेळ हवी होती, नववी ते बारावीची मुलं तीनशेहून कमी असतील तर अर्धवेळ चालायची. या दोघांचं आपसात कसं जमावं, यावर मात्र नियम गप्प आहे.

खालच्या संवादातले दोघे मी अनेक माणसांवरून जुळवले आहेत. सर मूळचे अमळनेरचे. तीस वर्षं कुवेतमध्ये गणित शिकवतात. ती त्यांचीच विद्यार्थिनी. इथेच वाढली, पुण्यात मानसशास्त्र शिकली, लग्न होऊन परत सालमियात आली आणि आता सरांच्याच शाळेत काउन्सेलर आहे. शाळेचं नाव नको.

सर: मला एक समजावून सांग. तुझी खोली व्हायच्या आधी मुलं रडत नव्हती का? रडायची, आणि माझ्यासमोर रडायची. मी पाणी द्यायचो, मधल्या सुट्टीत थांबवून घ्यायचो. आता काय, कुणी जरा हिरमुसलं की चिठ्ठी लिहा आणि पाठवा काउन्सेलरकडे. पोरगं तुमच्या खोलीकडे वळलं की अख्खा वर्ग बघतो. परत येतं तेव्हा त्याच्या कपाळावर शिक्का बसलेला असतो.

ती: शिक्क्याचं खरं आहे, ते मला मान्य. पण सर, पाणी दिल्यावर तुम्ही पुढे काय करायचात?

सर: घरी फोन करायचो. बापाला कळायला नको?

ती: आणि स्टाफरूममध्ये?

सर: स्टाफरूममध्ये बोलणं व्हायचंच. इंग्रजीच्या बाईंना, सायन्सवाल्याला सांगितलं नाही तर ते पोराला फाडून खातील. म्हणून सांगायचं, की जरा सांभाळून घ्या, घरी बरं चाललेलं नाही.

ती: मग ते बसमध्ये. बसमधल्या आंटी त्याच बिल्डिंगमध्ये राहतात. मग बकाल्यात, म्हणजे खालच्या वाणसामानाच्या दुकानात, मग मंडळाच्या गणपतीच्या तयारीत. आणि मग त्याची आई मोदक वळायला बसलेली असताना कुणीतरी प्रेमानं विचारतं, “काय हो, सगळं ठीक आहे ना?” सर, मला माहीत आहे, कारण ती आई माझी होती. मी आठवीत तुम्हाला सांगितलं होतं, “कुणाला सांगू नका हं, सर.”

सर: (जरा थांबून) तुझ्या वडिलांसाठी दोन ठिकाणी शब्द टाकला होता मी.

ती: टाकला होतात. नोकरीही मिळाली. त्यानंतर मी शाळेत कुणाला काहीही सांगितलं नाही, बारावी होईपर्यंत.

सरांनी काय वाईट केलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. शब्द टाकणं, फी भरणं, आपल्या घरी आणून जेवू घालणं यावर आखातातली निम्मी मराठी कुटुंबं कधी ना कधी तरली आहेत. पण ज्या गावात मदत तोंडातोंडी पोचते, तिथे बातमीही त्याच वाटेनं जाते. सालमिया दिसायला शहर आहे, मराठी माणसापुरतं ते वाडीएवढंच.

सर: बरं, समज मी नाही सांगितलं. तू तरी काय करतेस?

ती: एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाच्या वडिलांची नोकरी गेली. वडील अठरा नंबरच्या विसावर, आई आणि मुलं बावीस नंबरवर. म्हणजे अख्खं घर एका इकाम्याला, एका राहण्याच्या परवान्याला टांगलेलं. मुलाला हे सगळं कळतं. आईनं बजावलंय की बाहेर बोलायचं नाही. फी तुंबलीय. दुपारी वडील घरीच असतात, म्हणून तो मित्रांना घरी बोलवत नाही. गणितात नव्वदवरून पन्नासवर आला.

सर: नववी ‘ब’मधला का?

ती: मी समजा म्हटलं.

सर: नाही, मला वाटलंच होतं. त्याला मी परवा म्हटलं, “काय रे, लक्ष कुठाय?”

ती: सर, समजा म्हटलं ना.

सर: बरं, समजा. पुढे?

ती: तो येतो, बसतो. पहिल्या दिवशी फुटबॉलवर बोलतो, दुसऱ्यांदाही फुटबॉलच. तिसऱ्यांदा विचारतो, “मॅडम, इकामा कॅन्सल झाला तर बोर्डाची परीक्षा इंडियात देता येते का?” मग मला कळतं. मी त्याला बदली कशी होते, बोर्डाला काय कळवावं लागतं ते सांगते. निम्मी भीती माहिती नसल्याची असते, ती कमी होते. उरलेल्या निम्म्यासाठी तो बोलतो आणि मी ऐकते. घरी फोन करत नाही.

सर: आणि मी? त्याचा वर्गशिक्षक? मला पत्ताच नाही. मी आपला रोज त्याला फळ्यापाशी उभा करतोय.

ती: तुम्हाला एवढंच सांगते, की महिनाभर याला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. कारण सांगत नाही.

सर: कारण न सांगता औषध देतात तसं?

ती: केमिस्टला रोगाचं नाव कुठे सांगतात, सर? चिठ्ठी पुरते.

सर: मी केमिस्ट नव्हे. तीस वर्षं झाली. सीबीएसईनं फोनवर मुलांना धीर द्यायची सोय १९९८मध्ये काढली, तेव्हा तू पेन्सिल धरायला शिकत होतीस. नंतर दिल्लीहून पत्रकं येत राहिली. २००९मध्ये सतत मूल्यमापन आलं, म्हणाले ताण जाईल. दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक झाली. २०१८मध्ये परत सक्तीची. ताण कुठे गेला? आपल्या महाराष्ट्रात २०२२मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमा म्हणून आदेश निघाला. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा विचारायला लागले की कुठे आहेत त्या समित्या? पद नेमलं की काळजी घेतली जाते, यावर माझा विश्वास नाही. कोण लक्ष ठेवून आहे, ते महत्त्वाचं. आणि पोरगं दिवसातून सात तास ज्याच्या डोळ्यांसमोर असतं, तो वर्गशिक्षक.

ती: ते मान्य. शंभर टक्के मान्य. मला पहिल्यांदा दिसतच नाही काही. हजारो मुलांत एक बाई काय बघणार? तुम्हीच बघता. माझं म्हणणं बघितल्यानंतरचं आहे.

सर: मग भांडण कशावर?

ती: तुम्ही बघता आणि लगेच सोडवायला धावता, त्यावर.

*

दोघांचा खरा विषय इथे सुरू झाला. मधलं बरंचसं सोडून देतो. त्यात संस्थाचालक, पगार आणि स्मार्टबोर्ड यांवर जे बोललं गेलं ते प्रत्येक शाळेत बोललं जातं.

सर: मी इथे आलो १९९३मध्ये. युद्धाला दोन वर्षं झाली होती. २ ऑगस्ट १९९०ला इराकी सैन्य घुसलं तेव्हा सुट्टीवर गेलेले वाचले, बाकीचे अडकले. पुढे अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानानं नेले. त्यातली बरीच घरं नंतर परत आली. माझ्या वर्गात अशी पोरं होती, ज्यांनी वाळवंटातल्या छावण्यांत आठवडे काढले होते. त्यांना कुणी विचारलं नाही, तुला काय वाटतं. मीही नाही विचारलं. मी सातला वर्ग सुरू करायचो, दहा उदाहरणं द्यायचो, दुसऱ्या दिवशी तपासायचो. आणि ती पोरं सावरली. रोज सातला सर येतात, वही तपासतात, उद्याही येणार आहेत, हे त्यांना कळलं. तुझ्या खोलीत हे मिळतं?

ती: नाही मिळत. हे तुमचंच आहे, माझ्या खोलीत ते होणार नाही. संकटातून आलेल्या मुलाला वेळापत्रक सावरतं, हे आम्हाला पुस्तकातच शिकवतात. तुम्ही न शिकता केलंत.

सर: मग?

ती: मग त्याच वर्षांत कुवेतींनी स्वतःसाठी काय केलं ते बघा. १९९२मध्ये अमिरी दिवाणाखाली सामाजिक विकास कार्यालय काढलं. आक्रमणानं माणसांच्या मनावर जे झालं, त्यासाठी. सरकारी अरबी शाळांत सोशल वर्कर असते, तिथे तिचं कुणाला नवल नाही. त्यांनी “मुलं आपोआप सावरतील” असं धरलं नाही. आपण धरलं. आणि जी सावरली तीच तुम्हाला आठवतात, सर. वर्ष संपायच्या आत नाव काढून इंडियात गेलेली तुमच्या हिशेबात नाहीत.

सर: (हसून) गणितवाल्याला हिशेब शिकवतेस.

ती: शिकवते. आणि कोविडचं सांगा. १ मार्च २०२०ला उघडायच्या शाळा उघडल्याच नाहीत. मेमध्ये तीन आठवडे पूर्ण लॉकडाउन. पुढे वर्षभराहून जास्त काळ इंडियाची थेट विमानं धड चालू नव्हती. तुम्ही ऑनलाइन शिकवत होतात.

सर: ते नको आठवूस. कॅमेरे बंद. पन्नास काळे चौकोन. पण एक गोष्ट झाली. उत्तर द्यायला पोरगं माइक सुरू करायचं आणि घर ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, भावाचा तास, कुणाचा तरी बाप ओरडतोय, कुणाची आई फोनवर रडतेय. दोन खोल्यांत दोन कुटुंबं राहतात हे मला ऐकून कळलं. पंचवीस वर्षांत जेवढी घरं कळली नव्हती तेवढी त्या एका वर्षात कळली.

ती: आणि काय केलंत?

सर: काय करणार? म्हणायचो, “म्यूट कर बाळा.”

ती: कुणाला तरी सांगावंसं वाटलं?

सर: वाटलं. पण कुणाला? प्रिन्सिपॉलना सांगायचं, की याच्या घरी बाप मारतो असं मला वाटतं? ‘वाटतं’ म्हणजे काय? उद्या बाप आला आणि म्हणाला की मास्तर घरात कान लावून बसतो, तर? आणि इथे पोलिसात गेलं प्रकरण, इकाम्यावर आलं, तर अख्ख्या कुटुंबाला विमानात बसवलं असं नको व्हायला.

ती: तुमच्यासारख्या माणसाला ही भीती वाटते, मग दहा वर्षांच्या पोराला किती वाटत असेल? आपण बोललो तर बाबांचा विसा जाईल, असं त्याच्या डोक्यात असतं. खरंच जाईल की नाही, हा वेगळा प्रश्न. तो त्या भीतीत जेवतो, झोपतो. म्हणून त्याला असं एक माणूस हवं, जे पहिल्याच दिवशी सांगेल की इथलं बोलणं इथेच राहील, आणि कधी राहणार नाही तेही सांगेल.

सर: म्हणजे तूसुद्धा सांगतेस तर!

ती: तीन वेळा सांगते. तू स्वतःला काही करून घेशील असं वाटलं तर. तू दुसऱ्याला इजा करशील असं वाटलं तर. आणि कुणी तुला मारत असेल, नको तिथे हात लावत असेल तर. कुवेतमध्ये २०१५चा बालहक्कांचा कायदा आहे, मुलाला मारझोड होणं ही इथेही घरची खासगी बाब नाही. पण सांगायच्या आधी मी मुलाला सांगते, की हे आता मला अमक्याला सांगावं लागेल. आणि त्या अमक्यालाच सांगते. दुसऱ्याला नाही.

सर: पहिलं जे म्हणालीस, ते मुलांसमोर काढूच नये असं माझं मत आहे. ज्याच्या डोक्यात नाही त्याच्या डोक्यात घालायचं कशाला?

ती: हे सगळे म्हणतात, आणि ते चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की विचारल्यानं कुणाच्या मनात तो विचार पेरला जात नाही. उलट, ज्याच्या मनात आहे त्याला हायसं वाटतं, की कुणीतरी ओळखलं. सरळ विचारायचं असतं. घाबरून, आडून नाही.

सर: मला नाही जमायचं.

ती: तुम्हाला जमायलाच हवं असं नाही. तुम्हाला शंका आली की त्याच दिवशी, त्याच तासाला मला सांगा. उद्या नको. तिथे मी गुप्ततेचं काही ऐकणार नाही, आणि मुलाला एकटं सोडायचं नाही.

एवढं एक वाक्य तरी दर शाळेच्या शिक्षकांना वर्षारंभी कुणी सांगावं, असं मला वाटतं. भारतात सर्वोच्च न्यायालयाला ते सांगावं लागलं. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात २५ जुलै २०२५ला निकाल लागला. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. तो निकाल भारताच्या हद्दीतला. सालमियातली मुलं मात्र तीच परीक्षा देतात. नीटचं केंद्र कुवेतला मिळालं २०२१मध्ये. त्याआधी एका पेपरसाठी विमानानं जायचं, आजीच्या घरी उतरायचं आणि उन्हाळ्यात, अनोळखी शहरात केंद्र शोधायचं. इथे जन्मून, इथे वाढून, अठराव्या वर्षी ज्या ‘घरी’ परत जायचं तिथे ही मुलं सुट्टीपलीकडे कधी राहिलेली नसतात. पुण्यातल्या हॉस्टेलवर त्यांना “गल्फवाला” म्हणतात. यावर शाळेत एक तासही कुणी बोलत नाही, कारण शाळेचं काम निकालापाशी संपतं.

*

सर: मी अमळनेरचा. आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते ३० शिक्षक होते. छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढायचे. रोज हातानं लिहून मुलांसाठी दैनिक काढायचे. त्यांच्याकडे कुठला डिप्लोमा होता? कुठल्या मुलानं त्यांना तीन अपवाद विचारले? तू जे सांगतेस ते सगळं माणसात असावं लागतं. पदात नाही.

ती: आणि गुरुजींच्या उशाशी कोण होतं, सर?

सर: म्हणजे?

ती: ११ जून १९५०. त्यांनी स्वतःच जग सोडलं, तेव्हा.

सर: (थोड्या वेळानं, आवाज चढवून) ते तू असं वापरू नकोस. त्या माणसाच्या मनात काय होतं ते एका वाक्यात बसवू नकोस. देश होता, गांधीजी गेले होते, किती गोष्टी होत्या.

ती: नाही बसवत. कारण मला माहीत नाही आणि कुणालाच नेमकं माहीत नाही. मी गुरुजींचं नाही, शिक्षकाचं विचारतेय. सगळ्यांचं दुःख एकट्यानं पोटात घेणारा माणूस आपल्याला एवढा आवडतो, की त्याचं कोण बघतं हे आपण विचारत नाही. तुम्ही त्या लॉकडाउनमध्ये पन्नास घरं ऐकलीत आणि कुणाजवळ बोलला नाहीत. झोप लागायची?

सर: नाही लागायची.

ती: मला दर पंधरा दिवसांनी पुण्याच्या माझ्या बाईंशी फोनवर बोलावं लागतं. नावं न घेता, माझ्या मनावर काय साचलंय ते. तो आमच्या कामाचाच भाग आहे. तुमच्या कामात तो नाही.

सर इथे हरले, असं मी लिहिणार नाही, कारण ते हरले नाहीत. त्यांचा मुद्दा जागेवरच आहे. मूल ज्याच्यावर विश्वास टाकतं तो माणूस नेमणुकीच्या कागदानं ठरत नाही. मी पाहिलेल्या कित्येक शाळांत तो माणूस लायब्रेरियन असतो, पीटीचा सर असतो, एका शाळेत तर कँटीनवाला होता. सकाळी मुलाचा चेहरा सगळ्यांत आधी बसमधल्या आंटी बघतात आणि त्यांना आजवर कुणी एका बैठकीला बोलावलेलं नाही. पण माझा कौल विचाराल तर तिच्या बाजूनं. माया कमी पडते म्हणून सालमियातली मुलं गप्प नसतात. बोललेलं कुठवर जाईल याचा अंदाज नसतो म्हणून गप्प असतात. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात खाली उतरता येत नाही, घरात दार लावायला खोली नाही, मोबाइल आई तपासते. उरते शाळा.

सर: बरं, माझ्याकडून काय हवंय तुला?

ती: आठवड्याला गणिताचा एक तास.

सर: मिळणार नाही. बोर्डाचं वर्ष आहे.

ती: माहीत होतं. मग दुसरं. स्टाफरूममध्ये मुलाच्या घरच्या गोष्टी नाव घेऊन बोलायच्या नाहीत, असं तुम्ही सांगा.

सर: मी? मला हसतील. सगळ्यांत जास्त मीच बोलतो.

ती: म्हणून तर. मी सांगितलं तर म्हणतील, काल आलेली पोरगी नियम शिकवते.

सर: बघतो. पण त्या नववी ‘ब’च्या... बरं, त्या ‘समजा’ मुलाच्या फीचं काय? ते तर करू दे. दोन टर्मची मी भरतो. फक्त नाव सांग.

ती: नाव सांगणार नाही.

सर: मग भरू कुणाच्या नावावर?

ती: शाळेत गरजू मुलांसाठी बिननावाचा फंड करू. तुम्ही पैसे अकाउंट्समध्ये द्या, कुणाला लावायचे ते प्रिन्सिपॉल आणि मी ठरवू.

सर: अकाउंट्समधला तो माझ्याच बसला असतो. आणि अब्बासियापर्यंत एक मिनिट गप्प बसत नाही.